अहिंसक की लढाऊ? महाडपासून वरळीपर्यंत : तुलना करताना नेमकं काय मोजायचं?

समतेच्या चळवळींवर संशोधन करू पाहणाऱ्यांच्या आराखड्यांत एक शीर्षक हमखास दिसतं : 'अहिंसक आणि लढाऊ विचारसरणींचा तुलनात्मक अभ्यास'. विषय अमेरिकेचा असला तर एका बाजूला मार्टिन ल्यूथर किंग आणि दुसऱ्या बाजूला माल्कम एक्स. विषय महाराष्ट्राचा असला तर एका बाजूला महाडचा सत्याग्रह आणि दुसऱ्या बाजूला दलित पँथर. एक प्रकरण यांच्यावर, एक त्यांच्यावर, आणि शेवटी निष्कर्ष असा की दोन्ही मार्गांचं आपापलं योगदान आहे. असा निष्कर्ष व्हायवाला कुणी खोडून काढत नाही. पण तो वाचून कुणाला नवीन काही कळतही नाही.

मी विज्ञान शाखेतून आले. आमच्याकडे दोन नमुन्यांची तुलना करायची तर पहिला प्रश्न असतो, दोन्हीकडे एकच गोष्ट मोजताय ना? इतिहासाला तो प्रश्न जसाच्या तसा लावता येत नाही, पण विचारायला हरकत नाही. 'अहिंसक' आणि 'लढाऊ' हे एकाच पट्टीचे दोन टोकं आहेत का? आणि एखाद्या घटनेत हिंसा झाली असं आपण लिहितो तेव्हा ती कुणाच्या खात्यावर मांडतो? आजच्या लेखात हे दोन प्रश्न घेऊन आपण महाड, नाशिक आणि वरळी बघू, मध्येच अमेरिकेला जाऊन येऊ, आणि शेवटी घाटकोपरला थांबू.

जात आणि वंश : तुलना कुणी सुरू केली?

जात म्हणजे वंश नव्हे. डॉ. आंबेडकरांनीच जातीचं वांशिक स्पष्टीकरण नाकारलं होतं. मग अमेरिकेतल्या वर्णद्वेषाविरुद्धच्या लढ्याशी आपल्या लढ्याची तुलना करायचा अधिकार आपल्याला कुठून मिळतो? त्याचं उत्तर असं की ही तुलना आपण बाहेरून लादत नाही, लढणाऱ्यांनी ती स्वतःच केली. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध केलं आणि ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं. १९४६ मध्ये आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या निवेदनाची प्रत मागितली. ड्यू बॉइस यांनी त्याच वर्षी उत्तरही दिलं. १९७२ मध्ये मुंबईतल्या तरुणांनी तर संघटनेचं नावच ओकलंडहून घेतलं.

आराखड्यात 'तुलनेचं समर्थन' असा भाग लिहावा लागतो. तिथे 'दोन्ही समाजांत विषमता आहे' एवढं लिहून भागत नाही. लढणाऱ्यांनी एकमेकांकडे कधी, कशासाठी पाहिलं, हे दाखवता आलं तर तुलना पक्की होते.

आधी शब्द : बळ आणि हिंसा

आंबेडकरांचं एक सुरुवातीचं लेखन या विषयाच्या विद्यार्थ्यांकडून सहसा सुटतं. १९१८ मध्ये त्यांनी बर्ट्रांड रसेल यांच्या पुस्तकाचं परीक्षण लिहिलं. त्यात कोलंबिया विद्यापीठातले त्यांचे शिक्षक जॉन ड्यूई यांचा आधार घेऊन ते बळ आणि हिंसा यांत फरक करतात. बळ वापरल्याशिवाय जगात काहीच घडत नाही. ते उभारणीसाठी वापरलं तर ती ऊर्जा, नासधुशीसाठी उधळलं तर ती हिंसा. म्हणजे बळ वापरणं हा दोष नाही, प्रश्न ते कशासाठी आणि किती वाया घालवून वापरता एवढाच.

हा फरक मनात ठेवला की आपली सरळ रेषा मोडते. एका टोकाला अहिंसा, दुसऱ्या टोकाला लढाऊपणा असं चित्र आता काढता येत नाही. लढाऊपणा म्हणजे किती बळ लावलं, किती आग्रह धरला. हिंसा म्हणजे त्या बळाने कुणाची हानी केली. हे दोन वेगळे अक्ष आहेत. एखादी चळवळ अत्यंत लढाऊ असून अहिंसक असू शकते. उलट एखादी चळवळ मवाळ बोलूनही हिंसा पोटात घालू शकते. आता याच नजरेने महाड बघू.

महाड, १९२७

पार्श्वभूमी थोडक्यात. ऑगस्ट १९२३ मध्ये सी. के. बोले यांच्या नव्हे, तर सीताराम केशव बोले, म्हणजे सगळे ज्यांना एस. के. बोले म्हणून ओळखतात, त्यांच्या ठरावावरून मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या करायचं ठरवलं. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ टिपणीस यांचा त्यात पुढाकार होता. ठराव झाला, पण पाणी कुणी भरू दिलं नाही.

१९ आणि २० मार्च १९२७ ला महाडमध्ये कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या स्थानिक कार्यकर्त्यांनी ती उभी केली होती. दुसऱ्या दिवशी आंबेडकरांच्या मागोमाग सगळे तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. थोड्याच वेळात गावात अफवा उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार आहेत. मंडपात जेवत असलेल्या, परतीच्या वाटेला लागलेल्या लोकांवर लाठ्याकाठ्यांनी हल्ला झाला.

इथे थांबा. संशोधक म्हणून हा क्षण महत्त्वाचा आहे. कोकणातल्या महार समाजात फौजेतून निवृत्त झालेल्यांची परंपरा मोठी होती. परिषदेला आलेल्यांत असे पेन्शनर होते. उलट हल्ला करायची ताकद नव्हती म्हणून ते गप्प बसले, असं म्हणता येत नाही. लोक आंबेडकरांच्या एका शब्दाची वाट बघत होते, आणि त्यांनी शांत राहायला सांगितलं. पुढे काही हल्लेखोरांना कोर्टात शिक्षा झाली. गांधींनी 'यंग इंडिया'त अस्पृश्यांच्या या संयमाचं कौतुक केलं.

महाड अहिंसक होतं, हे खरं. पण ते विनंती करणारं नव्हतं. हक्क आधीच कागदावर होता, तो अंगाने वापरून दाखवला. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. तेव्हा डिसेंबरात पुन्हा परिषद बोलावली गेली. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी तो ठराव मांडला. मंडपासाठी हिंदू कुणी जागा देईना, ती फत्तेखान या मुस्लिम गृहस्थांनी दिली. आणि त्याच मंडपात फोटो होता तो गांधींचा. ग्रंथ जाळणारी परिषद आणि गांधींचा फोटो एकाच मांडवाखाली, हे आपल्या दोन कप्प्यांत कसं बसवणार?

त्या परिषदेत साडेतीन हजारांहून जास्त लोकांनी सत्याग्रहासाठी नावं नोंदवली होती. पण सवर्णांनी दिवाणी कोर्टातून मनाई हुकूम मिळवला होता. लोक तळ्यावर जायला अधीर होते, जिल्हाधिकारी थांबायला सांगत होते. आंबेडकरांनी लोकांना समजावलं, सत्याग्रह पुढे ढकलला, आणि मिरवणुकीने तळ्याला फेरी घालून सगळे पाण्याला हात न लावता परतले. दावा चालत राहिला. मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. अनादि काळापासूनची वहिवाट सवर्णांना सिद्ध करता आली नाही.

दहा वर्षं लागली. महाडचा अभ्यास २० मार्चला संपवणाऱ्याला ही दहा वर्षं दिसत नाहीत, आणि मग 'अहिंसेने यश मिळालं' असं सोपं वाक्य लिहिलं जातं. यश कशाने मिळालं? ओंजळीतल्या पाण्याने, जाळलेल्या ग्रंथाने, की कोर्टातल्या कागदांनी? तिन्ही एकाच लढ्याचे भाग होते.

नाशिक आणि दांडी : एकाच महिन्यातले दोन सत्याग्रह

२ मार्च १९३० ला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. १२ मार्चला गांधी साबरमतीहून दांडीला निघाले. दहा दिवसांचं अंतर, शब्द एकच, पद्धतही बाहेरून सारखी. हजारोंची मिरवणूक, शिस्त, अटक करवून घेणं, स्त्रियांचा सहभाग. पण दोन्ही सत्याग्रह कुणाला उद्देशून होते ते पाहा.

दांडीचा सत्याग्रह परक्या सरकारशी होता आणि त्याच्या मागे देशातला बहुसंख्य समाज होता. नाशिकला दार बंद करणारे शेजारीच होते. दादासाहेब गायकवाडांनी तो लढा वर्षानुवर्षं चालवला. रामनवमीला रथावरून दगडफेक आणि मारामारी झाली, गावागावांत सत्याग्रहींच्या घरच्यांना त्रास झाला. परक्या सत्तेचा कायदा मोडणारा माणूस तुरुंगातून घरी येतो तेव्हा गाव हार घालतं. इथे घरी आल्यावर गावच बहिष्कार घालत होतं. अहिंसेची किंमत दोन्हीकडे सारखी नव्हती.

उद्देशातही फरक होता. गांधींच्या अस्पृश्यता निवारणात सवर्णांच्या मनाला आवाहन होतं, त्यांनी प्रायश्चित्त घ्यावं अशी अपेक्षा होती. आंबेडकरांनी मार्च १९३४ मध्ये गायकवाडांना लिहिलेल्या पत्रात स्पष्ट केलं की मूर्तिपूजेसाठी हा सत्याग्रह नव्हताच. आपल्या लोकांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी, त्यांच्यात चेतना यावी, यासाठी तो होता. म्हणजे सत्याग्रहाचा रोख देवळाच्या आत बसलेल्यांकडे कमी आणि बाहेर उभ्या असलेल्यांकडे जास्त होता. देऊळ उघडलं नाही. ऑक्टोबर १९३५ मध्ये येवल्याला त्यांनी धर्मांतराची घोषणा केली.

म्हणून तुमच्या तक्त्यात 'साधन' या रकान्याशेजारी आणखी एक रकाना हवा : 'बदल कुणात घडवायचा आहे'. विरोधकाच्या मनात, सरकारच्या कायद्यात, की आपल्याच माणसांच्या आत्मभानात? साधन एकच असलं तरी या रकान्यात उत्तर वेगळं येतं, आणि मग यशापयशाची मोजणीही बदलते. देवळाचं दार उघडण्यावर मोजाल तर नाशिक हरलं. आत्मभानावर मोजाल तर १९५६ पर्यंतचा रस्ता तिथून दिसतो.

१९४९ : दार उघडं असताना

२५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत आंबेडकर म्हणाले की आता रक्तरंजित क्रांतीचा मार्ग तर सोडाच, पण कायदेभंग, असहकार आणि सत्याग्रहही सोडायला हवा. घटनात्मक मार्ग उपलब्ध नव्हते तेव्हा ते ठीक होतं. ते उपलब्ध झाल्यावर या मार्गांना ते अराजकाचं व्याकरण म्हणतात.

महाडचा माणूस सत्याग्रहच सोडा म्हणतो! विद्यार्थी इथे अडखळतात आणि 'विचारांत विसंगती' असा मथळा देतात. पण नीट पाहिलं तर त्यांची अट पहिल्यापासून तीच आहे. महाडला कायद्याचं दार किलकिलं होतं, म्हणून डिसेंबरात त्यांनी कोर्टाचा मान राखला. १९४९ मध्ये दार उघडलं असं त्यांना वाटलं. साधन हे तत्त्व म्हणून नव्हे, तर उपलब्ध दारं पाहून निवडलं जात होतं. गांधींसाठी अहिंसा हा धर्म होता. आंबेडकरांसाठी शक्य तिथवर पाळायची ती शिस्त होती.

आणि त्यांच्या अनुयायांनी सत्याग्रह पूर्ण सोडलाही नाही. १९६४–६५ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने भूमिहीनांसाठी सत्याग्रह केला, त्यात लाखावर लोक तुरुंगात गेले. घटना होती, पण जमीन मिळाली नव्हती. दार कागदावर उघडं असणं आणि त्यातून आत जाता येणं या दोन गोष्टींमधलं हे अंतरच पुढच्या पिढीच्या रागाचं कारण झालं.

पँथर, १९७२

१९६९ मध्ये इलाया पेरुमल समितीने देशभरातल्या अस्पृश्यतेचा आणि अत्याचारांचा अहवाल दिला. १९७२ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात पाणवठ्यावरून दलित स्त्रियांची विटंबना झाली. पुणे जिल्ह्यातल्या बावड्यात दलितांवर बहिष्कार पडला. महाडनंतर ४५ वर्षांनी पुन्हा पाणीच! रिपब्लिकन पक्षाचे तोवर अनेक गट झाले होते.

अशा वेळी मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले, अरुण कांबळे वगैरे तरुणांनी दलित पँथर उभी केली. बहुतेक जण लिहिणारे, लघुनियतकालिकांच्या चळवळीतले. ढसाळ टॅक्सी चालवत. १५ ऑगस्ट १९७२ च्या 'साधना'च्या अंकात ढालेंचा लेख आला. दलित स्त्रीच्या विटंबनेला होणारा किरकोळ दंड आणि राष्ट्रध्वजाच्या अपमानाला होणारा मोठा दंड त्यांनी शेजारी शेजारी ठेवले आणि मोठं वादळ उठलं. १९७३ च्या जाहीरनाम्याने 'दलित' शब्दात अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, भूमिहीन, कामगार, गरीब शेतकरी, स्त्रिया अशा सगळ्या शोषितांना घेतलं.

नाव ओकलंडचं, पण परिस्थिती तिथली नव्हती. ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी १९६६ मध्ये ब्लॅक पँथर पक्ष काढला, तेव्हा कॅलिफोर्नियात भरलेली बंदूक उघडपणे बाळगणं कायदेशीर होतं. ते बंदुका घेऊन पोलिसांच्या गस्तीवर नजर ठेवत. १९६७ मध्ये तिथे कायदाच बदलला गेला. इथे मुळात तसा हक्कच नव्हता, आणि इथल्या पँथरने बंदुकांची फौजही उभारली नाही. त्यांची रोजची कामं कोणती होती? अत्याचार झालेल्या गावात जाणं, मोर्चा, सभा, बहिष्कार, पत्रकं, कविता. भाषा मात्र जाळणारी होती. लढाऊपणा भाषेत आणि अंगात होता. हिंसेच्या अक्षावर त्यांना मोजायचं तर घटनाच तपासाव्या लागतात, नुसत्या नावावरून ठरवून चालत नाही.

गंमत म्हणजे त्या काळ्या चित्त्याचं चिन्हही ओकलंडचं नव्हे. अलाबामातल्या लाउंड्स काउंटीत १९६६ मध्ये कृष्णवर्णीय मतदारांनी स्वतःचा पक्ष काढला. निरक्षर मतदारांसाठी मतपत्रिकेवर चिन्ह लागायचं, म्हणून त्यांनी काळा चित्ता घेतला. आपल्याकडच्या निवडणूक चिन्हांसारखंच. म्हणजे जगभर लढाऊपणाचं प्रतीक झालेलं ते चित्र मूळचं मतपेटीचं होतं!

वरळी : कुणाची हिंसा?

जानेवारी १९७४ मध्ये मध्य-दक्षिण मुंबईत लोकसभेची पोटनिवडणूक होती. पँथरने बहिष्कार पुकारला. बहिष्कार हे निखळ अहिंसक साधन. ५ जानेवारीला वरळीच्या बीडीडी चाळींजवळ सभा झाली, तिच्यावर दगड आले, पोलिसांनी लाठ्या चालवल्या, आणि पुढे वरळी-नायगावात दंगल पसरली. १० जानेवारीला निषेधाच्या मोर्चावर इमारतीवरून टाकलेल्या दगडाने भागवत जाधव हा तरुण कार्यकर्ता ठार झाला. चौकशीसाठी न्यायमूर्ती भस्मे आयोग नेमला गेला. निवडणुकीत काँग्रेसचे रामराव आदिक हरले आणि कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे निवडून आल्या.

आता कल्पना करा की तुम्ही आंदोलनांचा डेटासेट बनवताय. 'वरळी, जानेवारी १९७४' या ओळीत 'हिंसा' या रकान्यात काय लिहाल? 'होय' लिहिलंत तर पँथर हिंसक कप्प्यात गेली. त्याच न्यायाने २० मार्च १९२७ च्या ओळीतही 'होय' लिहावं लागेल, कारण महाडमध्येही डोकी फुटली. पण महाडला आपण अहिंसक म्हणतो आणि वरळीला दंगल. का? महाडमध्ये एका बाजूने हात आवरला, वरळीत दोन्ही बाजूंनी दगड चालले, असं उत्तर कुणी देईल. त्यात तथ्य आहे. पण ते उत्तर पुराव्यानिशी द्यावं लागेल : कुणी सुरू केली, कुणी उत्तर दिलं, कुणी मेलं, राज्ययंत्रणा कुठे उभी होती. चार वेगळे रकाने. एका 'होय'मध्ये हे चारही गडप होतात.

आकड्यांच्या अभ्यासात हेच कसं दिसतं

अहिंसक चळवळींच्या यशाबद्दल एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन यांचा अभ्यास सगळीकडे सांगितला जातो. १९०० ते २००६ मधल्या ३२३ मोहिमांपैकी अहिंसक मोहिमा ५३ टक्के यशस्वी झाल्या, हिंसक २६ टक्के. आकडे खरे आहेत. पण त्या अभ्यासात मोहिमा कोणत्या होत्या? राजवट उलथवणं, परकी सत्ता घालवणं, वेगळा देश मिळवणं. पाणवठा, देऊळ, मतदान किंवा बसमधली जागा यासाठीचे लढे त्या यादीत येत नाहीत. अमेरिकेचा नागरी हक्कांचा लढाही नाही. म्हणून त्या ५३ टक्क्यांवरून महाडबद्दल निष्कर्ष काढणं म्हणजे मुलुंडच्या पावसाच्या मापावरून साताऱ्याचं पीक सांगणं.

दुसरा अभ्यास ओमर वासो यांचा, २०२० चा. १९६० ते १९७२ मधली कृष्णवर्णीयांची आंदोलनं त्यांनी तपासली. शांततेच्या आंदोलनांवर राज्याने किंवा झुंडीने अत्याचार केले तेव्हा वृत्तपत्रांचा आणि लोकांचा कल हक्कांकडे झुकला. आंदोलकांकडून हिंसा सुरू झाली तिथे तो 'कायदा आणि सुव्यवस्थे'कडे गेला. निष्कर्ष पटो न पटो, त्यांची पद्धत बघा : हिंसा आंदोलकांनी सुरू केली का, हे त्यांनी वेगळं नोंदवलं. आपल्याला हवा असलेला रकाना तोच.

तिसरा, हर्बर्ट हेन्स यांचा १९८० च्या दशकातला. जहाल गट पुढे आले की मवाळ संघटनांचं नुकसान होतं की फायदा, हे त्यांनी देणग्यांच्या आकड्यांवरून पाहिलं. १९६० च्या दशकात मवाळ कृष्णवर्णीय संघटनांना बाहेरून मिळणारा पैसा वाढलेला दिसला. म्हणजे दोन मार्ग वेगवेगळे मोजताच येत नाहीत, एकाचा परिणाम दुसऱ्याच्या खात्यात पडतो. किंग स्वतः बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिताना आपण निष्क्रियता आणि कडवटपणा यांच्या मधे उभे आहोत असं सांगतात. १९५६ मध्ये त्यांच्या घरावर बाँब पडला, तेव्हा त्याच किंगनी पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज केला होता, तो नाकारला गेला. त्यांची अहिंसा जन्मजात नव्हती, चळवळीत घडत गेली.

घाटकोपर, ११ जुलै १९९७

पूर्व उपनगरांत राहणाऱ्यांना रमाबाई आंबेडकर नगर नवीन नाही. पूर्व द्रुतगती महामार्गाला लागून असलेली घाटकोपरची वस्ती. त्या सकाळी आंबेडकरांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने गोळीबार केला, दहा माणसं मेली. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, असं पोलिसांचं म्हणणं होतं. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने ते मान्य केलं नाही, गोळीबार असमर्थनीय ठरवला. २००९ मध्ये सत्र न्यायालयाने त्या तुकडीच्या उपनिरीक्षकाला दोषी धरून जन्मठेप दिली.

टँकरची गोष्ट खरी मानली असती तर ११ जुलैची नोंद 'हिंसक जमाव, पोलिसांची कारवाई' अशी झाली असती. कुणा संशोधकाने वीस वर्षांनी ती ओळ उचलली असती आणि दहा मृतांसह अख्खी वस्ती 'लढाऊ' कप्प्यात गेली असती. आयोगासमोर साक्ष द्यायला लोक उभे राहिले, म्हणून ती ओळ बदलली. आपल्या विषयात वर्गीकरण ही नुसती टेबलावरची कारागिरी नाही. कुणाला हिंसक म्हणायचं यावर कुणावर गोळी चालवणं योग्य होतं, हे ठरत असतं.

मग आराखडा कसा लिहायचा?

या विषयावर काम करणार असाल तर माझ्या मते चार गोष्टी आधी ठरवा.

पहिली, तुलनेचं एकक. 'आंबेडकरी चळवळ' आणि 'पँथर' ही एककं फार मोठी आहेत. एक घटना, एक वर्ष, एक गाव किंवा एक मागणी घ्या. पाणवठ्यासाठी १९२७ आणि १९७२, एवढं घेतलंत तरी प्रबंध भरेल.

दुसरी, दोन अक्ष वेगळे ठेवा. आग्रह किती होता आणि हानी कुणी केली, यांचा एकच रकाना करू नका.

तिसरी, उपलब्ध दारं लिहा. त्या दिवशी कायदा काय म्हणत होता, कोर्ट कुठे होतं, शस्त्र बाळगायची मुभा होती का, मतदानाचा हक्क होता का. ओकलंड आणि मुंबई यांत निम्मा फरक इथेच निघतो.

चौथी, स्रोत कुणाच्या बाजूचा आहे ते प्रत्येक नोंदीशेजारी लिहा. महाडसाठी 'बहिष्कृत भारत'चे अंक, महाराष्ट्र शासनाने काढलेले आंबेडकरांचे खंड आणि मोरे यांचं आत्मकथन वाचा. पँथरसाठी ज. वि. पवारांनी लिहिलेला इतिहास आहे. पण त्यासोबत पोलिसांची, कलेक्टरची बाजूही बघा. काळाघोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य अभिलेखागार आहे. उपनगरातून जायला लोकलचा तास-दीड तास मोडतो, पण एकाच दिवसाबद्दलचे दोन कागद शेजारी ठेवून वाचायची सवय तिथेच लागते.

आणि 'कोणता मार्ग श्रेष्ठ' हा प्रश्न आराखड्यातून काढून टाका. त्याऐवजी असं विचारा : या लोकांसमोर, या दिवशी, कोणते मार्ग खुले होते, त्यांनी त्यातला कोणता का निवडला, आणि त्याची किंमत कुणी मोजली? या प्रश्नाचं उत्तर कागदपत्रांत सापडतं. श्रेष्ठतेचं सापडत नाही.